टार्गेटिंग म्हणजे नक्की काय, कुणी सांगेल का?

वाळवंटातला_मासा | २ जानेवारी २०२५, सकाळी ७:१०

ज्यांना अमेरिकन कॉलेज फुटबॉलशी काही देणंघेणं नाही त्यांनी धागा खुशाल सोडून द्या. मला मात्र हे ओकल्याशिवाय आज कामाला बसता येणार नाही. (टार्गेटिंग म्हणजे डोक्यानं किंवा डोक्यावर धडक मारल्याचा फाउल, एवढं मलाही कळतं.)

टेम्पीत एमएस केलं तेव्हा मी स्टेडियमकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. नंतर ऑफिसातल्या लोकांच्या नादानं ॲरिझोना स्टेटचं वेड लागलं आणि गेली कित्येक वर्षं त्या वेडाचं एकच फळ मिळालं, ते म्हणजे शनिवार वाया. यंदा सीझन सुरू होण्याआधी बिग १२ या आमच्या कॉलेजांच्या गटात (याला कॉन्फरन्स म्हणतात) आम्हाला सोळापैकी सोळावा नंबर दिला होता. पोरांनी ती कॉन्फरन्सच जिंकली आणि थेट प्लेऑफच्या उपांत्यपूर्व फेरीत, अटलांटाला पीच बोलमध्ये टेक्ससच्या समोर उभी राहिली.

काल चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही ८-२४ असे मागे होतो. तिथून आमच्या स्कॅटबूनं जे केलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. पळाला, पास झेलले, एक टचडाउनचा पास तर स्वतःच फेकला. २४-२४. शेवटचं एक मिनिट आणि थोडे सेकंद उरलेले, तिसरा डाउन, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न, पंधरा यार्ड हवेत. आमच्या क्वार्टरबॅकनं, म्हणजे पास फेकणाऱ्या लेविटनं, मधोमध स्टोव्हलला पास दिला. त्यानं झेलला, वळतोय न वळतोय तोच टेक्ससचा सेफ्टी, म्हणजे बचावातला मागचा खेळाडू, मायकल टॅफ समोरून आला. हेल्मेटवर हेल्मेट. आवाज टीव्हीवरही ऐकू आला.

फ्लॅग नाही. म्हणजे पंचांनी फाउलची पताका टाकलीच नाही. ठीक आहे, रिप्ले आहे की. वर बसून रिप्ले पाहणाऱ्या पंचांनी, म्हणजे बूथनं, खेळ थांबवला. दहा वेळा स्लो मोशन दाखवलं, दहाही वेळा मी सोफ्यावरून उठलो. आणि निकाल काय, तर टार्गेटिंग नाही. तो फाउल दिला असता तर १५ यार्ड, नवा पहिला डाउन आणि फील्ड गोलच्या, म्हणजे तीन पॉइंटच्या किकच्या, पल्ल्याच्या तोंडाशी चेंडू. त्याऐवजी आम्ही पंट केला, म्हणजे लाथ मारून चेंडू टेक्ससला देऊन टाकला. पुढे दोन ओव्हरटाइम, ३१-३९, खेळ खल्लास.

आता माझ्या जखमेवरचं मीठ. आमचा सेफ्टी शमारी सिमन्स. ७ डिसेंबरला बिग १२ च्या फायनलमध्ये, दुसऱ्या हाफमध्ये, त्याच्यावर टार्गेटिंग दिलं. नियमानं पुढच्या सामन्याचा पहिला हाफ बाहेर. पुढचा सामना कुठला? कालचाच. हाफटाइमला टेक्सस १७-३ पुढे होता आणि आमचा माणूस बसून होता. म्हणजे एकाच टीमला, महिन्याभरात, एकाच नियमाचे दोन्ही चटके. सामन्यानंतर आमच्या कोच डिलिंगहॅमनंही टार्गेटिंग म्हणजे काय ते आपल्याला कळत नाही असंच सांगून टाकलं. ज्या माणसाला पोरांना हे शिकवायचा पगार मिळतो, तो हे म्हणतोय.

तर जाणकारांनो, सांगा.

---

शिंगाडा_ऑस्टिन | सकाळी ७:४८

शिव्या खायच्या तयारीनं आलोय. गेली अकरा वर्षं ऑस्टिनला आहे, टेक्ससचा नारिंगी शर्ट घालूनच टाइप करतोय.

मासेभाऊ, दुःख समजलं. पण थोडा हिशेब मांडू. त्या हिटच्या आधी आमच्या किकरनं एक फील्ड गोल घालवला होता आणि नंतर वेळ संपता संपता दुसरा खांबाला आपटला. त्यातला एकही आत गेला असता तर ओव्हरटाइम झालाच नसता. आणि पहिल्या ओव्हरटाइममध्ये चौथा डाउन, तेरा यार्ड हवेत, तुमच्या पोरांनी एक स्टॉप केला असता की संपलं होतं. तिथे आमच्या गोल्डनला मोकळं सोडलं ते पंचांनी का?

आणि टॅफबद्दल. तो वॉक-ऑन आहे, स्कॉलरशिपशिवाय आलेला पोरगा, ऑस्टिनचाच. डोकं फोडायला जाणाऱ्यातला नाही.

---

वाळवंटातला_मासा | सकाळी ७:५५

तो सज्जन आहे हे मी केव्हा नाकारलं? नियमात ‘सज्जन असल्यास सूट’ असं लिहिलंय का?

---

बकाय_काका | सकाळी ८:३०

कोलंबस, ओहायोतून सर्वांना नववर्षाच्या शुभेच्छा. काल रोझ बोलमध्ये आमच्या ओहायो स्टेटनं ऑरेगनला ४१-२१ नं घरी पाठवल्यामुळे आज मी अत्यंत उदार मनःस्थितीत आहे. शिंगाडे, १० तारखेला शुक्रवारी डॅलसजवळ उपांत्य फेरीत भेटूच.

मासेराव, तुमचा एक सामना गेला. आमचे किती सांगू?

२०१९, फिएस्टा बोल, क्लेमसन. आम्ही १६-० पुढे. थर्ड डाउनला आमच्या शॉन वेडनं त्यांच्या क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्सला सॅक केलं, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडलं. मैदानावर फ्लॅग नाही. लॉरेन्स जमिनीवर पडून. बूथनं वरून टार्गेटिंग दिलं, वेड बाहेर. लॉरेन्स पडता पडता वाकला म्हणून डोकं मधे आलं, असं मी आजही म्हणतो. पण वेडनं मान खाली घातली होती हेही खरं, त्यामुळे नियमाप्रमाणे चूक म्हणता येत नाही. हाफटाइमपर्यंत १६-१४ झालं. हरलो, २३-२९.

२०२२, पीच बोल, जॉर्जिया. हो, तेच स्टेडियम, अटलांटा. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी आम्ही ३५-२४ पुढे. एंड झोनमध्ये आमचा मार्विन हॅरिसन ज्युनियर चेंडूसाठी ताणलेला, जॉर्जियाचा बुलर्ड येऊन धडकला. या वेळी फ्लॅग पडला होता! टार्गेटिंग! मग रिव्ह्यू झाला आणि डोक्याला किंवा मानेला जोरदार आघात नाही म्हणून फ्लॅग रद्द. टचडाउनच्या दारातून तीन पॉइंट घेऊन परत आलो. हॅरिसन कन्कशन (मेंदूला धक्का) झालं म्हणून पुन्हा मैदानात आलाच नाही. डोक्याला आघात नाही आणि कन्कशन मात्र झालं, हे कोडं मी दोन वर्षं सोडवतोय. ४१-४२ नं हरलो. शेवटची किक चुकली तेव्हा टीव्हीवर नववर्षाचे बारा वाजत होते. आमचेही.

---

पट्टेरी | सकाळी १०:०५

न्यू जर्सीत गेली नऊ वर्षं शनिवार-रविवारी हायस्कूल फुटबॉलला पंचगिरी करतो. काळे-पांढरे पट्टे, शिट्टी, आणि पालकांच्या शिव्या चार भाषांत. कॉलेजच्या पातळीवर मी नाही, पण त्यांचं नियमपुस्तक वाचतो. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिला घोळ असा की टार्गेटिंग हा एक नियम नाही. दोन आहेत, नाव एक.

एक: हेल्मेटच्या माथ्यानं कुणालाही जोरानं मारणं. समोरचा कोण, कसा, कुठे लागलं, काही फरक पडत नाही. माथा वापरला की फाउल. माथा म्हणजे टोकापासून सहा इंच त्रिज्येचं वर्तुळ, अशी व्याख्याही घातलीय.

दोन: जो स्वतःला वाचवू शकत नाही, म्हणजे डिफेन्सलेस, त्याच्या डोक्यावर किंवा मानेवर जोराचा आघात. मग तो हेल्मेटनं असो, खांद्यानं, कोपरानं, कशानंही. पास झेलणारा, नुकताच झेललेला आणि अजून न सावरलेला, पास फेकत असलेला क्वार्टरबॅक, पाय पुढे करून घसरणारा, जमिनीवर पडलेला, हे सगळे डिफेन्सलेस. चेंडू घेऊन व्यवस्थित पळू लागलेला माणूस त्यात येत नाही.

आणि दोन्हींत आणखी एक अट आहे. मारणाऱ्याचा रोख दाखवणारी खूण हवी. जमिनीवरून झेप घेणं, दबा धरून वर उसळणं, मान खाली घालून जाणं, असं काहीतरी. नुसतं डोक्याला डोकं लागलं, याला टार्गेटिंग म्हणत नाहीत. टीव्हीवाले आणि आपण सगळे नेमकं हेच विसरतो.

आता स्टोव्हल. तो अजून डिफेन्सलेस होता की धावपटू झाला होता? वळला होता का? किती पावलं? टॅफनं माथा लावला की कपाळाची बाजू? मान घातली का? बूथमधल्या माणसाला निदान एका नियमाच्या प्रत्येक अटीला ‘हो’ म्हणता आलं पाहिजे. एकाला जरी ‘बहुतेक’ असं उत्तर आलं तरी फाउल नाही.

माझं मत विचाराल तर, मी दिलं असतं. झेल घेऊन सावरायला स्टोव्हलला वेळच मिळाला नव्हता. पण न देणारा आंधळा होता असं मी म्हणणार नाही.

---

सदाशिव_पेठी | सकाळी १०:२२

फुटबॉल म्हणून ज्याला पाय क्वचित लागतो त्या खेळाबद्दल मला ममत्व नाही. तरी प्रश्न. शंका असेल तर ‘अंपायर्स कॉल’ म्हणून मैदानावरचा निर्णय कायम ठेवायचा, एवढं साधं का करत नाहीत?

---

पट्टेरी | सकाळी १०:५१

पेठी, करत होते! २०१९ च्या आधी रिव्ह्यूचे तीन निकाल असायचे: पक्कं झालं, रद्द झालं, किंवा ‘स्टँड्स’, म्हणजे ठाम पुरावा नाही, तेव्हा मैदानावरचंच राहू द्या. तुमचा अंपायर्स कॉलच तो. २०१९ ला टार्गेटिंगपुरता तो काढून टाकला. का? कारण अर्धवट पुराव्यावर पोरं हाकलली जात होती आणि लोक ओरडत होते. आता पक्कं किंवा रद्द.

आणि खरी मेख इथेच आहे असं मला वाटतं. मैदानावरच्या पंचाला पुस्तक सांगतं, शंका असेल तर फाउल द्या. बूथमधल्याला सांगतं, शंका असेल तर फाउल नाही. एकाच घरात सासूचं एक आणि सासऱ्याचं दुसरं. मैदानावरचा पुस्तकाप्रमाणे वागून फ्लॅग टाकतो, वरचाही पुस्तकाप्रमाणे वागून तो उचलतो, आणि घरी बसलेल्याला वाटतं यांचं काहीतरी साटंलोटं आहे. हॅरिसनच्या वेळी हेच झालं.

दुसरं म्हणजे, पंच एनसीएएचे, म्हणजे कॉलेज खेळांच्या मुख्य संस्थेचे, नसतातच. प्रत्येक कॉन्फरन्स आपापले नेमते, शिकवते, पगार देते. बहुतेकांची सोमवार ते शुक्रवार दुसरी नोकरी असते. मोठ्या बोल सामन्याला तटस्थ म्हणून तिसऱ्याच कॉन्फरन्सची टोळी येते. शब्द सगळ्यांचे तेच, पण प्रत्येक घराण्याची गायकी वेगळी. सीझनभर खेळाडू एका घराण्याचं ऐकून तयार होतो आणि सर्वांत मोठ्या दिवशी समोर दुसरं घराणं.

---

गंबोप्रेमी | सकाळी ११:१५

ह्यूस्टनहून, पण जीव एलएसयूत, म्हणजे लुइझियाना स्टेटमध्ये. आमचा डेव्हिन व्हाइट विसरलात? २०१८, मिसिसिपी स्टेटच्या क्वार्टरबॅकला पास सुटल्यावर दोन्ही हातांनी ढकललं. ढकललं! चौथा क्वार्टर होता म्हणून पुढच्या सामन्याचा पहिला हाफ बाहेर, आणि पुढचा सामना अलाबामा. लोकांनी वर्गणी काढून आमच्या कॉन्फरन्सचं, एसईसीचं, ऑफिस असलेल्या बर्मिंगहॅम शहरात ‘व्हाइटला सोडा’चे फलक लावले होते. ०-२९ हरलो. तो असता तरी हरलोच असतो म्हणा, पण ते वेगळं.

---

शिंगाडा_ऑस्टिन | सकाळी ११:२०

वर्गणी काढून फलक! गणपती मंडळाची आठवण झाली.

---

ऑकलंडकर | दुपारी १:४०

रग्बीच्या देशातून दोन पैसे. आमच्याकडेही हाच तमाशा आहे, फक्त कार्डांचे रंग जास्त.

२०२३ च्या वर्ल्ड कपची फायनल. आमचा कॅप्टन सॅम केन, उंच टॅकल, डोक्याला डोकं. आधी पिवळं कार्ड, दहा मिनिटं बाहेर. तेवढ्या वेळात ‘बंकर’ नावाच्या खोलीत बसलेल्यांनी रिप्ले पाहून ते लाल केलं. पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनलमधलं पहिलं लाल कार्ड. दुसऱ्या हाफमध्ये दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन सिया कोलिसी, पुन्हा डोक्याला डोकं, पुन्हा बंकर, आणि पिवळं ते पिवळंच राहिलं. ११-१२ नं हरलो. इथे आजही दाढी करताना न्हावी हा विषय काढतो.

पण आमच्याकडे एक गोष्ट बरी आहे. का पिवळं आणि का लाल, याची पायरी-पायरीची शिडी लिहिलेली आहे: डोक्याला लागलं का, धोका किती, समोरचा अचानक खाली आला का. शेवटची पायरी सवलतीची. केनचं लाल झालं, कोलिसीचं पिवळंच राहिलं. मला पटलं नाही, पण भांडायचं कुठल्या पायरीवर हे तरी कळतं. तुमच्याकडे मधली पायरीच दिसत नाही. एकतर काहीच नाही, नाहीतर थेट घरी.

---

बकाय_काका | दुपारी २:०५

अगदी! बास्केटबॉलमध्ये फ्लॅग्रंट एक आणि फ्लॅग्रंट दोन असतात. एकात फ्री थ्रो, दुसऱ्यात हकालपट्टी. इथेही तसंच करा. चुकून लागलं तर १५ यार्ड आणि खेळ चालू. मुद्दाम डोकं घातलं तर बाहेर.

---

पट्टेरी | दुपारी २:४०

काका, ही मागणी जुनी आहे आणि माझाही कल तिकडेच. २००८ ला टार्गेटिंग आलं तेव्हा फक्त १५ यार्डच होते. २०१३ ला हकालपट्टी चिकटवली. त्या पहिल्या वर्षी तर कमाल होती. रिप्लेनं हकालपट्टी रद्द केली तरी १५ यार्ड तसेच राहायचे! म्हणजे तुम्ही निर्दोष, पण दंड भरा. पुढच्या वर्षी ते सुधारलं.

पण एक सावधगिरी. पूर्वी फेसमास्क ओढण्याचेही दोन प्रकार होते, चुकून ओढला तर ५ यार्ड, जोरात पिरगाळला तर १५. पंचांना प्रत्येक वेळी ‘चुकून की मुद्दाम’ ठरवावं लागायचं, भांडणं व्हायची. २००८ ला पाच यार्डवाला प्रकारच काढून टाकला. पायऱ्या वाढवल्या की भांडणं संपत नाहीत, पायरीवर येऊन बसतात.

तरीही मी दोन पायऱ्यांच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण पंचाच्या बाजूचं आहे. शिक्षा जितकी मोठी तितका हात आखडतो. प्लेऑफ, बरोबरी, शेवटचं मिनिट, आणि तुझ्या एका बटणानं एक पोरगा हाकलला जाणार. कोण कितीही म्हणो, बोट थबकतं. सप्टेंबरातल्या एकतर्फी सामन्यात तेच बोट थबकत नाही. नुसते १५ यार्ड द्यायचे असते तर काल बूथनं दिले असते असं मला वाटतं.

---

वाळवंटातला_मासा | दुपारी ३:१०

हे पटलं. आणि म्हणूनच जास्त चिडलो. सिमन्सला बाहेर काढताना कुणाचं बोट थबकलं नाही.

शिंगाडे, चौथा डाउन-तेरा यार्डचं मान्य. तो आमच्या करंटेपणाचा भाग. रात्री त्याचाच रिप्ले डोळ्यांपुढे येत होता, खोटं कशाला बोलू.

---

खलबत्ता_डॉक्टर | दुपारी ४:३०

सगळे १५ यार्डांवर भांडताय म्हणून थोडं माझ्या धंद्यातलं. हा नियम कशासाठी लागतो? २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या गटानं फुटबॉल खेळलेल्या मृतांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या १११ पैकी ११० मेंदूंत सीटीई हा झिजेचा आजार सापडला. फक्त कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ पैकी ४८ मध्ये. हे मेंदू कुटुंबांनी दान केलेले होते, बहुतेक त्रास दिसला म्हणूनच, तेव्हा ‘खेळणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना होतो’ असा अर्थ काढू नका. पण आकडा दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

आणि त्यात फक्त मोठ्या धडका मोजायच्या नसतात. लाइनवर दर प्लेला डोक्याला डोकं घासणाऱ्या पोरांवर कधी फ्लॅग पडत नाही. वर्षानुवर्षांच्या त्या छोट्या धक्क्यांची बेरीज जास्त घातक ठरते, असं अभ्यास सुचवतात. टार्गेटिंगचा नियम टीव्हीवर दिसणाऱ्या धडकेचा आहे.

---

सोनचाफा | संध्याकाळी ६:१५

मी इथे फक्त पाककृती वाचायला येते. पण लेक हायस्कूलमध्ये सेफ्टी खेळतो, त्यामुळे राहवलं नाही.

ऑक्टोबरात त्याला कन्कशन झालं. कुणी मारलं नव्हतं. यानंच टॅकल करताना डोकं खाली घातलं आणि समोरच्याचा गुडघा लागला. फ्लॅग कुणावरच नाही. पुढचे बारा दिवस पडदे ओढलेले, फोन बंद, वरण-भातसुद्धा नको म्हणायचा. ट्रेनरची परवानगी मिळेपर्यंत शाळेनं मैदानात पाऊल टाकू दिलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. नवरा म्हणाला खेळ सोड, मी म्हणाले सोड, तो म्हणाला टीम काय म्हणेल.

पट्टेरीदादा, एक विचारू? तुम्ही सगळे मार खाणाऱ्याबद्दल बोलताय. माथा घालणाऱ्याची मानही मोडू शकते ना?

---

पट्टेरी | संध्याकाळी ६:४०

ताई, मोडू शकते, आणि माथ्याचा नियम मुळात त्यासाठीच आहे. मान सरळ करून माथ्यानं धडकलं की सगळा भार मणक्यावर जातो. सामन्याआधी पोरांना एकच सांगतो, ज्याला मारताय तो दिसला पाहिजे. डोळे वर, खांदा पुढे, डोकं बाजूला. रग्बीत तसंच शिकवतात, आणि सिॲटलच्या एनएफएल टीमचा तेव्हाचा कोच पीट कॅरल यानं तर ते इकडच्या कोचेससाठी व्हिडिओ काढून दाखवलं होतं. लेक कसा आहे आता?

---

सदाशिव_पेठी | संध्याकाळी ७:०२

क्रिकेटमध्ये पंचाला धोकादायक वाटलेले दोन बीमर टाकले की त्या डावात गोलंदाजी बंद. ‘हात घसरला’ चालत नाही. विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

---

शिंगाडा_ऑस्टिन | संध्याकाळी ७:३०

सोनचाफाताई, काळजी घ्या त्याची. मासेभाऊ, सकाळच्या त्या हिशेबात मी थोडा जास्तच टेक्सन झालो. स्टोव्हलच्या जागी आमचा माणूस असता तर मीच आज हा धागा काढला असता, आणि तुमच्यापेक्षा लांब.

बकायकाका, शुक्रवारी मात्र दया नाही.

---

सोनचाफा | रात्री ९:२०

लेक बरा आहे, डिसेंबरपासून वेटरूमला जातोय. आत्ता माझ्या मागे उभा राहून त्यानं धागा वाचला, मराठी अडखळत, पण वाचला. मग त्याच्या फोनवर ती टॅफची धडक तीनदा दाखवली मला. मी दुसऱ्यांदाच डोळे मिटले.

म्हणतो, ‘आई, यात काय चुकलं त्याचं? चेंडू मधे होता. मी पण तसाच गेलो असतो.’

डोकं कुठे ठेवलं असतंस विचारलं, तर खांदे उडवून फ्रिज उघडायला गेला.